कोरी तबकडी, खोटी बखर

१/
सोलापुरात चादर घेणारा जाणता माणूस ती आधी उलटून पाहतो. जकार्ड मागावर विणलेली नक्षी मागच्या बाजूसही उमटते, फक्त रंगांची अदलाबदल होते. छापील नक्षी मागे फिकी पडते किंवा दिसतच नाही. हाच माणूस जुने मनगटी घड्याळ विकत घेताना मात्र केवळ तोंड पाहतो आणि पैसे देऊन मोकळा होतो.

२/
जाहिरातीतील शब्द ठरलेले असतात : ‘दुर्मीळ’, ‘सैनिकी’, ‘न वापरलेले’, ‘अस्सल’. छायाचित्रात एचएमटीचे घड्याळ असते, आणि त्याची तबकडी भगवी, पोपटी किंवा निळी, आरशासारखी चकचकीत. वय पन्नास वर्षे, चेहरा कालचा. या धाग्याचे भांडण त्यांतील शेवटच्या शब्दाशी आहे.

३/
अशी तबकडी कशी तयार होते? मूळ तबकडीवरील रंग आणि अक्षरे काढून टाकली जातात, नवा रंग दिला जातो आणि त्यावर नाव पुन्हा छापले जाते. बाजारात याला ‘रीडायल’ म्हणतात. भारतातून जाणाऱ्या अशा घड्याळांना परदेशी संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असे कुत्सित नाव ठेवले आहे. नाव बोचरे आहे, पण ते आपल्याच बाजाराने कमावलेले आहे.

४/
इतिहासाच्या अभ्यासकाने यावर संतापले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून महाराष्ट्राला एक शिस्त ठाऊक आहे : नंतर रचलेल्या बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ. मूळ कागदावरील शाई धुऊन त्यावर सुवाच्य अक्षरात नवा मजकूर लिहिणाऱ्यास कोणी जतनकर्ता म्हणेल काय? तबकडी खरवडणाऱ्याचे काम याहून वेगळे नाही.

५/
हा कागद कोणत्या इतिहासाचा आहे, तेही पाहावे. मुंबईत फाव्र-ल्यूबा ही स्विस पेढी १८६५ पासून व्यापार करीत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचा आरंभ १८८६ चा. तिच्या प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला ‘स्वार’. घड्याळ स्वित्झर्लंडचे, ग्राहक हिंदुस्थानातला आणि नाव घोडदळाचे. वसाहतीच्या बाजारपेठेचे वर्णन एका शब्दात मावले आहे.

६/
स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि चोरट्या घड्याळांचा धंदा फोफावला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे नावे आली : जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन. ही नावे म्हणजे नवस्वतंत्र देशाच्या आकांक्षांची यादीच होय.

७/
सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात ‘जनता’ या नावाला वेगळे वजन आहे. येथे वेळ भोंग्याच्या मालकीची होती आणि भोंगा गिरणीच्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चिरंजितलाल चौधरी खटला आजही राज्यघटनेचे विद्यार्थी वाचतात. अशा गावात कामगाराच्या मनगटावर स्वतःचे घड्याळ येणे ही लहान घटना नव्हती.

८/
म्हणूनच उन्हाघामाने पिवळसर पडलेली, कडेला डाग असलेली ‘जनता’ची तबकडी हा पुरावा आहे. ती खरवडून भगवी केली की पुरावा नष्ट होतो आणि शोभेची वस्तू उरते. झालेले नुकसान भरून येत नाही. अशा प्रत्येक खरेदीतून पुढच्या तबकडीवर पाते फिरविण्याची मजुरी दिली जाते.

९/
मग पारख कशी करावी? पहिली कसोटी तबकडीची. साधे भिंग घ्यावे. कारखान्यातील छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, मिनिटांच्या रेषा समान अंतरावर असतात आणि तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात. पुनर्छपाईत अक्षरे जाड होतात, ओळ कलते, रेषा खुणांपासून सरकतात. त्याच नमुन्याच्या निर्विवाद घड्याळाचे छायाचित्र शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. पोथ्यांचे पाठभेद असेच तपासतात.

१०/
दुसरी कसोटी वयाची. एकाच घड्याळाचे भाग एकत्र म्हातारे होतात. काट्यांवरील चमकणारा लेप तपकिरी आणि तबकडीवरील पांढराशुभ्र असेल, तर दोघांपैकी एक उपरा आहे. एक सावधगिरी आवश्यक : जुन्या चमकत्या लेपांत रेडियम असू शकते. तो लेप नखाने खरवडू नये आणि असे घड्याळ घरी उघडूही नये.

११/
तिसरी कसोटी म्हणजे चादर उलटणे. मागचे झाकण जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावे. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ असेल, तर आत फिरते वजन हवे. तबकडी २१ ज्युवेल्स सांगते आणि मशीनवर १७ कोरलेले आहेत, तर तबकडी खोटे बोलते. एचएमटीच्या चावीच्या पुष्कळ घड्याळांत ०२३१ या क्रमांकाचे १७ ज्युवेल्सचे मशीन सापडते. दूरच्या विक्रेत्याकडे मशीनचे छायाचित्र मागावे. त्याने टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजावे.

१२/
चौथी कसोटी केसची. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे कोरलेले असेल, तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा : पोलाद फक्त मागे आहे, पुढील भाग सहसा मुलामा दिलेल्या दुसऱ्या धातूचा असतो. मागची अक्षरे झिजून पुसट झाली आणि पुढचा मुलामा मात्र डाग नसलेला, असे दिसले तर मुलामा नंतरचा आहे. पट्टा, काच आणि चावी बदललेली असणे हा दोष नव्हे. त्या झिजणाऱ्याच वस्तू आहेत.

१३/
पाचवी कसोटी कथेची, आणि इतिहासप्रेमी सर्वाधिक फसतो तो येथेच. समजा, विक्रेता सांगतो की हे घड्याळ मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनगटावर होते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्याने आधी तबकडी वाचावी. तिच्यावर ‘इन्काब्लॉक’ असेल, तर कथा तिथेच संपली : ही धक्कारोधक रचना १९३३-३४ च्या सुमाराची आहे.

१४/
कालविपर्यास पकडण्याची ही युक्ती जुनीच आहे. पंधराव्या शतकात लोरेन्झो व्हाल्लाने रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचे म्हणून मिरविले जाणारे दानपत्र त्यातील भाषेवरूनच बनावट ठरविले. घड्याळासही भाषा असते. सरकारी मालकीची बाणाची खूण दिसली म्हणून ते सैनिकी ठरत नाही. बाण कोरण्यास आजही कोणी अडवीत नाही. खूण, मशीन, केस आणि कागद या चौघांची साक्ष जुळली, तरच दावा मानावा.

१५/
यावर पहिला आक्षेप येतो : ‘घड्याळ चालते ना? मग काय बिघडले?’ वेळच पाहायची असेल तर खरोखर काही बिघडत नाही. पण ग्राहकाने पैसे इतिहासासाठी मोजलेले असतात. ज्या गुणासाठी किंमत घेतली तो गुणच वस्तूत नसेल, तर व्यवहाराला फसवणूक हाच शब्द आहे.

१६/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘हे कारागिरांच्या पोटावर मारणे आहे.’ येथे न्याय करावा लागेल. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर पाच घड्याळांतून एक चालते करणारा कारागीर आदरास पात्र आहे. त्याच्यामुळेच ही यंत्रे जिवंत राहिली. एखाद्याने वडिलांच्या घड्याळाची गंजलेली तबकडी प्रेमाने नवी करून घेतली, तर तीही त्या घराच्या इतिहासाचा भाग झाली. दोष ब्रशचा नाही, बिलावरील शब्दाचा आहे. वाकळ ऊब देते. तिला पैठणी म्हणून विकू नये, इतकेच.

१७/
तिसरा आक्षेप : ‘विद्यार्थ्यास एवढेच परवडते.’ हा युक्तिवाद उलटा आहे. एचएमटीने कोट्यवधी घड्याळे बनविली. चावीचे साधे, डागाळलेले, प्रामाणिक घड्याळ आजही दुर्मीळ नाही. ‘जनता’ला ‘दुर्मीळ’ म्हणणाऱ्यास ‘जनता’ या शब्दाचाच अर्थ कळलेला नाही. जुन्या पिवळ्या तबकडीकडे नाक मुरडून भगवीवर पैसे उधळणारा माणूस गरिबीमुळे फसत नाही, चकाकीच्या हौसेने फसतो.

१८/
सोलापूरला हा वाद परका वाटू नये. दुसरीकडची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते, ही या शहराची जुनी तक्रार आहे, आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते नावाच्या रक्षणासाठीच. आपल्या नावाची चोरी खुपते, तर दुसऱ्याच्या नावाची चोरी मनगटावर बांधून मिरविता येणार नाही. विक्रेत्याने लिहावे : ‘तबकडी नव्याने छापलेली, मशीन मूळ, काटे बदललेले.’ तीन वाक्यांत व्यवहार स्वच्छ होतो.

१९/
पुरावा वाढण्याचा मार्गही बंद झाला आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस आणि श्रीनगरची एचएमटी चिनार वॉचेस या दोन्ही कंपन्या बंद करण्यास मंजुरी दिली. त्या काळातील जेवढ्या मूळ तबकड्या आज शिल्लक आहेत, तेवढ्याच यापुढे राहतील. त्यांतून वजाबाकी होऊ शकते, बेरीज होणार नाही.

२०/
म्हणून पहिले जुने घड्याळ शोधताना सुरुवात बाजारापासून करू नये. आधी घरातील कपाटाचा खण उघडावा. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ सापडले, तर ते कोणी, कधी आणि कोणत्या पगारातून घेतले, हे आजीला विचारून लिहून ठेवावे. बिल किंवा हमीपत्र असेल तर त्याच डबीत जपावे. कारागिराकडे नेताना एकच सूचना द्यावी : मशीन साफ करा, तबकडीला हात लावू नका.

२१/
आणि बाजारातून घ्यावेच लागले, तर सोलापूरची सवय सोडू नये. आधी उलटून पाहावे. (समाप्त)