गंगाकाठची तीर्थे आणि पेढ्या

नारायण पेठेला नदी लाभली ती मुठा. खडकवासल्यातून पाणी सुटले की ती भिडे पुलावर चढते, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती घरांत शिरली होती. एरवी तिच्यात मोठी नाव चालावी एवढे पाणी नसते. त्यामुळे येथील व्यापारी कुटुंबाच्या मनात प्रवास म्हणजे रेल्वे, बस, फार तर विमान. सम्मेद शिखरजीची यात्रा आखतानाही वाराणसी, पाटणा, चंपापुरी ही नावे बसच्या वेळापत्रकात अर्ध्या-अर्ध्या दिवसापुरती उरतात. वस्तुतः ही तिन्ही स्थाने एकाच प्रवाहाच्या काठी आहेत, आणि आपल्या पूर्वजांनी तो प्रवाह रस्ता म्हणूनच वापरला होता.

१३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही नौका दिब्रुगडकडे निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, २७ नद्या, वाटेत बांगलादेश. १८ खोल्या आणि ३६ प्रवासी. पहिल्या फेरीतील बहुतेक प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. भाडे लाखांच्या घरात जाते, आणि ५१ दिवस दुकानाबाहेर राहणे कोणत्या व्यापाऱ्यास परवडेल, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु वाराणसी ते कोलकाता एवढाच टप्पा घेतला तरी जैन प्रवाशास त्यात जे दिसेल, ते त्या परदेशी पाहुण्यांना सांगूनही पुरते कळले नसते.

वाराणसीत भेलूपूर ही भगवान पार्श्वनाथांची, तर घाटावरील भदैनी ही सुपार्श्वनाथांची जन्मभूमी मानली जाते. प्रवाहाबरोबर काही कोस खाली गेले की चंद्रावती, म्हणजेच चंद्रपुरी येते. चंद्रप्रभूंचे हे स्थान थेट गंगेच्या काठावर आहे. पुढे पाटण्यात गुलजारबागेजवळ सुदर्शन शेठ आणि स्थूलभद्र यांची स्मृतिस्थाने आहेत. भागलपूरजवळचे नाथनगर म्हणजे चंपापुरी. वासुपूज्य स्वामींची पाचही कल्याणके येथेच झाली, अशी श्रद्धा आहे. याच पट्ट्यात गंगेतील डॉल्फिनांसाठी राखलेले विक्रमशिला अभयारण्य आहे.

फरक्क्याहून कालव्याने भागीरथीत उतरले की पुढे मुर्शिदाबाद येते. खरे थांबावे ते येथे.

नागौरचे हिरानंद शाह सतराव्या शतकात पाटण्यास येऊन स्थिरावले. त्यांचे पुत्र माणिकचंद ढाक्यास गेले आणि तेथून मुर्शिद कुलीखानाबरोबर मुर्शिदाबादेस आले. त्यांचे वारस फत्तेचंद यांना मोगल बादशहाकडून ‘जगत्शेठ’ ही पदवी मिळाली. टांकसाळीवर पकड, सुभ्याचा महसूल दिल्लीस हुंडीने पोचविणे, नवाबास आणि इंग्रज-डच कंपन्यांस कर्ज देणे, असा या ओसवाल पेढीचा पसारा होता. श्रावकाच्या सहाव्या व्रतात, दिग्व्रतात, दिशांची मर्यादा स्वतः आखून घ्यावी लागते. नागौर ते ढाका एवढी रेषा आखणाऱ्यांचा हिशेब मोठाच म्हणावा लागेल.

मराठी वाचकाने येथे जरा सावध व्हावे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर गेली आणि मीर हबीब मराठी स्वारांसह मुर्शिदाबादेवर तुटून पडला. त्या लुटीत जगत्शेठांची कोठीही सुटली नाही. बंगालात ‘बर्गी’ हे नाव अजून मुलांना निजविताना घेतले जाते. पुण्यातील जैन कुटुंबाने त्या कोठीच्या जागी उभे राहावे, म्हणजे लुटणारेही आपले आणि लुटले गेलेलेही आपले, हे ध्यानी येते.

पुढे सिराजुद्दौलाविरुद्धच्या कटात ही पेढी इंग्रजांकडे झुकली. १७५७ चे प्लासीचे रणांगण याच नदीच्या काठी, थोडे दक्षिणेस आहे. सहा वर्षांनी, १७६३ मध्ये, मीर कासिमने महताबराय आणि स्वरूपचंद या दोघांना ठार केले. त्यांना केवळ फितूर ठरविणे सोपे आहे. राज्यकर्त्याला कर्ज देणारा सावकार तटस्थ राहू शकतो काय, हा अवघड प्रश्न त्याने सुटत नाही. १७७२ मध्ये महसुलाचे दप्तर कोलकात्यास गेले आणि पैशाची वाट बदलली. मूळ वाडा तर भागीरथीनेच गिळला. आज दाखविला जातो तो नंतरचा.

समोरासमोरच्या काठांवरील अझीमगंज आणि जियागंज या गावांत ‘शहरवाली’ म्हणून ओळखली जाणारी ओसवाल घराणी वाढली. त्यांनी मंदिरे, हवेल्या, आमराया उभारल्या. केशर-गुलाबपाण्याचा शाकाहारी स्वयंपाक बंगाली मसाल्यांशी जुळवून घेतला. बहुतेक घराणी पुढे कोलकात्यास गेली. मंदिरे तेथेच राहिली, आणि पूजेला माणसे मात्र मोजकी उरली.

नौकेचे आरक्षण करताना काही गोष्टी आधीच लेखी विचारून घ्याव्यात: सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल काय, कंदमुळांविना वेगळा स्वयंपाक होईल काय, उकळलेले पाणी सोबत मिळेल काय. पर्यटकांच्या नौकांवर रात्रीचे जेवण उशिराचे असते. चौविहार करणाऱ्याची तेथे पंचाईत होते. ऋतूची अडचण मात्र नाही. या फेऱ्या पावसाळा सरल्यावर निघतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासही संपलेला असतो.

एवढा वेळ वा खर्च शक्य नसल्यास शिखरजीहून परतताना हावडामार्गे रेल्वेने अझीमगंज गाठता येते. तेथील घाटावरून जियागंजला होडी जाते. पलीकडचा काठ येण्यास काही मिनिटेच लागतात, आणि तेवढ्यात दोन्ही गावे पाण्यावरून दिसतात.