मुलं ‘ॲडजस्ट’ होत नाहीत, गप्प होतात

लखनौ छावणीत सध्या बदल्यांचा मोसम आहे. व्हरांड्याव्हरांड्यात काळ्या ट्रंका उघडल्या गेल्यात आणि मेसमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतंय: “फौजींची मुलं काय, कुठंही ॲडजस्ट होतात.” मित्रांनो, हे वाक्य आपल्या सोयीचं आहे, खरं नाही.

आठवीपर्यंत चार शाळा बदललेलं मूल पाचव्या शाळेत जाताना रडत नाही, म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण मैत्री करायची कशाला, दोन वर्षांत तुटणारच, हा हिशेब त्यानं मनाशी केलेला असू शकतो. तो आपल्याला ऐकायचा नसतो. युनिटमध्ये “सब ठीक है, सर” ऐकायची सवय झालेली असते. घरीही तेच ऐकलं की आपण निश्चिंत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अरे, खडतर आयुष्यानंच माणूस घडतो. आपण नाही का एनडीएत घडलो?” घडलो. पण खडकवासल्याला आपण साडेसोळा ते साडेएकोणीसच्या वयात, परीक्षा देऊन, स्वतःच्या मर्जीनं गेलो. रगडा मिळाला तो अख्ख्या कोर्सला मिळाला; रात्री पाय चेपायला शेजारी कोर्समेट होता. दहा वर्षांच्या मुलानं कुठल्या फॉर्मवर सही केली? त्याच्या वर्गातून एकट्या त्याचीच बदली होते. माणूस नुसत्या खडतरपणानं घडत नाही, सोबतीनं घडतो.

याच शहरातल्या सैनिक शाळेला आज कॅप्टन मनोज पांडे यांचं नाव आहे. ते तिथंच शिकले आणि १९९९ मध्ये खालूबारला, वयाच्या २४व्या वर्षी, धारातीर्थी पडले. मुलांना त्यांची गोष्ट जरूर सांगा. पण “त्यांच्यासारखा हो, रडू नकोस” असं म्हणून त्या नावाचा उपयोग मुलाचं तोंड बंद करायला करू नका. शौर्य म्हणजे मुकेपणा नव्हे.

देशसेवेत तडजोड नाही, फील्डवर जावंच लागणार, मागं घर एकटीनं सांभाळणाऱ्या आईची ओढाताण होणारच. पण जे आपल्या हातात आहे त्याचं काय? अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस कॅज्युअल रजा असते. मिळते तेव्हाही गावचं बांधकाम, पुण्याचा प्लॉट आणि भाचीचं लग्न यांत ती संपते. मुलाच्या वाट्याला परतीचा प्रवास येतो. बदलीची ऑर्डर आली की कोर्समेटला पाच मिनिटांत कळते, मुलाला मात्र पॅकर आल्यावर.

त्याला आधी सांगा. त्याला चिडू द्या, निरोप घेऊ द्या. फोनवर मार्क विचारण्याआधी डबा कुणाबरोबर खाल्लास ते विचारा. आणि कमांडिंग ऑफिसरांनो, मुलासाठी रजा मागणाऱ्या जवानाला “बोर्डाची परीक्षा आहे का?” एवढाच प्रश्न विचारू नका.

हुकूम द्यायला आपल्याला अकादमीनं शिकवलं. ऐकून घ्यायला आता चाळिशीत शिकायचं आहे, आणि मुलं मोठी व्हायची थांबणार नाहीत.