चढाई का फसते?

भातकापणी उरकून खळी रिकामी झाली, की भातसानगरच्या परिसरात आणि शहापूर-मुरबाड तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. शाळेचा किंवा महाविद्यालयाचा संघ खेळावयास उतरला, म्हणजे सारा गाव मैदानाभोवती उभा राहतो. चढाई करणारा गडी रिकाम्या हातांनी परतू लागला, की प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते. आणि संघ हरला, की त्या कुजबुजीची दूषणे होतात. 'त्याच्यामुळे सामना गेला,' असा निवाडा होऊन जातो. हा निवाडा सोपा आहे, परंतु न्यायाचा नाही.

चढाईच्या वेळी एक गडी सात जणांच्या गोटात शिरतो. 30 सेकंदांच्या आत, 'कबड्डी'चा घोष न तोडता, प्रतिपक्षाला स्पर्श करून त्याला मध्यरेषा गाठावयाची असते. तो एकटा दिसतो खरा. तथापि त्याचे बळ मागे उभ्या असलेल्या सोबत्यांवर अवलंबून असते. तो पकडला गेला, तर बाद होऊन बाहेर बसतो. आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावाचून त्याला परत येता येत नाही. ज्या संघाची पकड दुबळी, त्या संघाचा उत्तम गडी बराच वेळ बाहेर बसून राहतो. लोकांना दोष दिसतो चढाईचा. त्याचे मूळ मात्र बचावात असते.

दुसरे कारण असे, की पुष्कळ संघ आपला सारा भार एकाच गड्यावर टाकतात. सरावातही तोच चढाई करतो आणि इतर पाहत राहतात. तो बाद झाला, म्हणजे ज्यांनी कधी मध्यरेषा ओलांडली नाही त्यांना पुढे जावे लागते. शिवाय एकाच गड्याची तीच ती हूल वारंवार पाहून प्रतिपक्ष सावध होतो. मग कोपऱ्यातील गडी त्याची वाटच पाहत असतो.

ही गोष्ट लहान संघांपुरतीच नाही. आशियाई क्रीडास्पर्धांत 1990 पासून 2014 पर्यंत भारताच्या पुरुष संघाने सलग सात सुवर्णपदके जिंकली. तोच संघ 2018 साली जाकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणकडून 27-18 असा हरला. इराणच्या भक्कम पकडीपुढे नामवंत गड्यांच्या चढाया थिट्या पडल्या. त्याच स्पर्धेत इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. आणि त्या संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन! त्यांनी सरावात योगासने व प्राणायाम यांनाही स्थान दिले होते. दमाचा खेळ दम कमावल्यावाचून साधत नाही, हे त्या जाणून होत्या. पुढे 2023 साली हांगझोऊ येथे भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके परत मिळवली. पराभवानंतर दूषणे पुरत नाहीत, परिश्रम लागतात, हेच त्यावरून दिसते.

कोणी म्हणेल, 'कसलेला गडी एकटाही सामना फिरवतो.' तेही खरे आहे. परंतु तो दररोज फिरवील, अशी आशा धरणे हा आळस होय. त्याचा पाय मुरगळला किंवा दम उखडला, तर संघाने काय करावे? म्हणून सातही गड्यांनी चढाईचा सराव केला पाहिजे, सातही जणांनी पकडीत हात घातला पाहिजे, आणि पराभवानंतर 'कोण चुकला?' असे न विचारता 'काय चुकले?' असे विचारले पाहिजे.

बाद होऊन रेषेबाहेर बसलेला गडी दूषणांनी मैदानात परतत नाही. आत उरलेल्या सोबत्यांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केला, तरच तो परत येतो. कबड्डीचा हा नियम केवळ मैदानापुरता नाही, हे सुज्ञ मुलांना सांगावयास नको.