तारांविना शेजारधर्म

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले, तेव्हा झाडे, विजेचे खांब आणि त्यांजबरोबर तारा आडव्या झाल्या. कित्येक वाडे अंधारात गेले. महासाथीमुळे शाळा आणि कचेऱ्या संगणकाच्या पडद्यावर आलेल्या असताना हे घडावे, हा दैवदुर्विलासच. अशा वेळी हाकेच्या अंतरावर दोन चार्ज केलेले संगणक असले, तरी एकातील कागद दुसऱ्यात जात नाही. तो आधी परमुलखातील यंत्राकडे जाऊन मग शेजारी यावा, अशी सवय आपण जडवून घेतली आहे.

वस्तुतः हा दोष तंत्राचा नव्हे. वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली मुक्रर झाले, त्यातच मध्यवर्ती पेटीवाचून संगणकांनी परस्परांशी थेट बोलण्याची तरतूद होती. एका संगणकावर जाळ्याला नाव द्यावे, चॅनल ठरवावा आणि परवलीचा शब्द घालावा. दुसऱ्याने तेच नाव निवडावे. दोघांचे पत्ते तेवढे भिन्न असावेत, एकाचा १९२.१६८.१.१, तर दुसऱ्याचा १९२.१६८.१.२. की झाले जाळे! भिंती आड आल्या तरी घरापासून पडवीपर्यंत ते सहज पोचते. मासिक बिल नाही, आणि परवानाही नाही, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्येच परवानामुक्त केल्या आहेत.

मोबाईलचा हॉटस्पॉट आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे खरा, परंतु तेथे एक फोन केंद्रस्थानी असतो, त्याची बॅटरी संपली की सारेच मुके होतात. थेट जाळ्यात केंद्रच नसल्यामुळे एक संगणक उठून गेला तरी उरलेल्यांचा संवाद चालू राहतो. तथापि परवलीचा शब्द न घालता असे जाळे उघडे ठेवणे म्हणजे दाराला कडी न लावता निजणे होय. वेप नावाचे जुने कुलूप तर २००१ मध्येच फोडून दाखविले गेले होते. त्यावर कोणी विसंबू नये.

खेदाची गोष्ट अशी की, जी सोय विंडोज ७ मध्ये चार कळा दाबून मिळे, ती २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पडद्यावरून नाहीशी झाली. लिनक्सवर ती आजही आहे. ग्राहकाने प्रत्येक गोष्टीसाठी दूरच्या सेवेचे दार ठोठवावे, यात कोणाचे हित आहे हे आम्ही सांगावयास नको. उलट २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती जे चिमुकले संगणक आले, त्यांत परस्परांशी थेट जोडले जाण्याची सोय मुळातच होती. धनगरवाड्यावरील पोरांना जे देण्याजोगे वाटले, ते आमच्या विद्यालयांना जड का व्हावे?

गोवा सरकारने या शतकाच्या आरंभी सायबरएज योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक दिले, ही गोष्ट आम्ही प्रशंसनीयच मानतो. यापुढे सार्वजनिक पैशातून जे संगणक घेतले जातील, ते थेट जाळे उभारू शकतील अशी अट निविदेत असावी. विद्यालयांतील संगणक शिक्षकांनी हा पाठ प्रत्यक्ष करून घ्यावा. आणि मृग लागण्यापूर्वी निदान किनारी पंचायतींत, वीज व इंटरनेट मुद्दाम बंद ठेवून, शिक्षण आणि महसूल खात्यांनी याची एकदा रंगीत तालीम घ्यावी.