पासवर्ड बदलू नका, काढून टाका

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टोयोटाने आपल्या ग्राहकांची जाहीर माफी मागितली. गाडी मोबाइलशी जोडणाऱ्या ‘टी-कनेक्ट’ सेवेच्या २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते परक्या हाती पडले असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. यात कोणी फार हुशारीने घुसखोरी केली होती, असे नाही. संकेतस्थळाचे काम ज्या उपकंत्राटदाराकडे होते, त्याने डिसेंबर २०१७ मध्ये प्रोग्रामचा काही भाग प्रोग्राम साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर चुकून सर्वांसाठी खुला ठेवला. ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरपर्यंत नेणारी ॲक्सेस की त्या भागात जशीच्या तशी लिहिलेली होती. जवळपास पाच वर्षे ती तिथे कोणालाही वाचता येत होती.

उबरला हाच हलगर्जीपणा जास्त महागात पडला. २०१६ मध्ये हल्लेखोर कंपनीच्या अभियंत्यांच्या गिटहबवरील खासगी साठ्यात शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची की सापडली आणि तिच्या जोरावर त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती उचलली. कंपनीने १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले. ते उघडकीस यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

अशा घटनांनंतर ठरावीक सल्ले मिळतात. पासवर्ड अवघड ठेवा, अधूनमधून बदला, कोणाला सांगू नका. माणसांपुरते हे ठीक आहे. पण इथली की म्हणजे पासवर्डच, आणि तो माणसाने वापरलेला नव्हता, प्रोग्रामने वापरला होता. एका प्रोग्रामला दुसऱ्याशी बोलताना वर्षानुवर्षे चालणारा, कुठेतरी लिहून ठेवलेला पासवर्ड लागतोच कशाला? या प्रश्नाचे उत्तर आज तयार आहे. ते स्वस्त आहे आणि मुंबई-पुण्यातल्या डेटा सेंटरमधल्या डेटाबेसनाही लागू पडते. तरीही नागरिकांची माहिती सांभाळणाऱ्या संस्था ते मागत नाहीत आणि मागितल्याशिवाय कंत्राटदार ते देत नाही.

अडचण नेमकी कुठे आहे, हे समजायला गेल्या दहा-पंधरा वर्षांतला बदल पाहावा लागेल. पूर्वी ॲप आणि त्याचा डेटाबेस एकाच खोलीतल्या दोन सर्व्हरवर असत. दोघांचेही पत्ते ठरलेले. २००९ मध्ये ॲमेझॉनने ‘आरडीएस’ ही सेवा आणली आणि डेटाबेस चालवणे, त्याचा बॅकअप घेणे, त्याला अपडेट लावणे ही कामे क्लाउड कंपनीकडे सोपवण्याची सोय झाली. २०१३ मध्ये डॉकर आले आणि ॲप कंटेनरमध्ये बांधले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी गुगलने कुबरनेटीस खुले केले. शेकडो कंटेनर कुठे चालवायचे, कधी वाढवायचे आणि कधी बंद करायचे, हे आता ही प्रणालीच ठरवते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे ही सारी यंत्रणा इथल्या कंपन्यांच्या आवाक्यात आली.

यातला कंटेनर अल्पायुषी असतो. सकाळी गर्दी वाढली की वीस कंटेनर उभे राहतात, रात्री दोनच उरतात आणि प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता वेगळा असतो. डेटाबेस मात्र दुसरीकडे असतो, क्लाउड कंपनीच्या ताब्यात. ‘अमुक पत्त्यावरून आलेल्यालाच आत घ्या’ हा जुना नियम इथे टिकत नाही, कारण पत्ता रोज बदलतो.

मग काय होते? काम अडलेले असते, ग्राहक फोनवर असतो आणि कोणीतरी डेटाबेसच्या परवानगीच्या यादीत ०.०.०.०/० असे टाकून मोकळा होतो. एवढ्या पाच शून्यांचा अर्थ ‘जगातला कोणताही पत्ता चालेल’ असा होतो. ‘आत्तापुरतं टाकून ठेव, नंतर बघू’ हे वाक्य आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. ते ‘नंतर’ बहुधा येतच नाही. मे २०२२ मध्ये शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेने इंटरनेट तपासले, तेव्हा बाहेरून जोडणीला प्रतिसाद देणारे ३६ लाखांहून अधिक मायएसक्यूएल डेटाबेस सर्व्हर तिला आढळले. उघड्या डेटाबेसचे काय होऊ शकते, हे जगाने २५ जानेवारी २००३ रोजीच पाहिले होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधली त्रुटी वापरणारा ‘स्लॅमर’ हा वर्म अवघ्या दहा मिनिटांत सुमारे ७५ हजार यंत्रांत पसरला. त्या त्रुटीवरचा पॅच सहा महिने आधीच उपलब्ध होता.

पासवर्डची तऱ्हा याहून वेगळी नाही. तो कधी प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो, कधी सेटिंगच्या फाइलमध्ये. थोडी अधिक काळजी घेणारे तो कुबरनेटीसच्या ‘सीक्रेट’मध्ये ठेवतात. नावावरून ती तिजोरी वाटते. प्रत्यक्षात वेगळी तजवीज केली नसेल, तर तिथला मजकूर फक्त बेस-६४ या पद्धतीने लिहिलेला असतो. ते कूटलेखन नव्हे. एक साधी कमांड दिली की मूळ पासवर्ड समोर येतो.

यावरचा उपाय म्हणजे मध्ये बसणारी प्रॉक्सी. गुगलच्या ‘क्लाउड एसक्यूएल’ या डेटाबेस सेवेसाठीची ‘क्लाउड एसक्यूएल ऑथ प्रॉक्सी’ हे त्याचे चांगले उदाहरण. हा मुक्त स्रोत असलेला छोटासा प्रोग्राम आहे आणि तो फुकट मिळतो. कुबरनेटीसमध्ये तो ॲपच्याच पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात, शेजारच्या कंटेनरात चालतो. एका पॉडमधल्या कंटेनरांचे नेटवर्क सामायिक असते. त्यामुळे डेटाबेस आपल्याच यंत्रावर आहे अशा समजुतीने ॲप १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर बोलते. ॲपच्या प्रोग्राममध्ये फारसे काही बदलावे लागत नाही.

खरी हालचाल पलीकडे होते. प्रॉक्सी त्या क्षणी एक चाव्यांची जोडी तयार करते. खासगी चावी स्वतःजवळ ठेवते आणि सार्वजनिक चावी गुगलच्या सेवेकडे पाठवते. सोबत ती स्वतःची ओळख देते: अमुक प्रकल्पातले अमुक सेवाखाते. या खात्याला त्या डेटाबेसशी जोडणी करण्याची परवानगी आहे का, हे तिथे तपासले जाते. असेल, तर सुमारे एक तास चालणारे प्रमाणपत्र मिळते. ते घेऊन प्रॉक्सी डेटाबेसच्या ३३०७ क्रमांकाच्या पोर्टवर कूटबद्ध जोडणी करते. दोन्ही बाजू एकमेकींची ओळख पटवतात आणि मगच प्रश्नोत्तरे सुरू होतात. मुदत संपत आली की प्रॉक्सी नवे प्रमाणपत्र आणते. परवानगीच्या यादीत कोणताही पत्ता टाकावा लागत नाही.

इतके झाले तरी डेटाबेसच्या आतला वापरकर्ता आणि त्याचा पासवर्ड उरतोच, आणि इथेच बरेच जण थांबतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलसाठी तोही काढता येतो. ओळखीवर आधारित लॉगिन सुरू केले की पासवर्डच्या जागी अल्पमुदतीचे टोकन वापरले जाते. ॲमेझॉनच्या आरडीएसमध्ये असे टोकन १५ मिनिटे चालते. मंत्रालयात येणाऱ्या अभ्यागताला ओळखपत्र पाहून दिवसापुरता पास दिला जातो, इमारतीची किल्ली कोणी त्याच्या हाती देत नाही. डेटाबेसच्या दारात मात्र उलटा प्रकार वर्षानुवर्षे चालला आहे. टोयोटाच्या त्या उघड्या पडलेल्या प्रोग्राममध्ये अशी व्यवस्था असती, तर वाचणाऱ्याला फार तर सर्व्हरचे नाव कळले असते.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते घेणारे लोक कामातले आहेत. पहिला आक्षेप असा की, आणखी एक प्रोग्राम म्हणजे बिघडण्याची आणखी एक जागा. तो काही काळ अगदी खरा होता. रात्री एकदाच चालणारे काम, उदाहरणार्थ दिवसाचा हिशेब काढणे, संपले तरी शेजारची प्रॉक्सी चालूच राही आणि कुबरनेटीसला वाटे की काम अजून सुरू आहे. लोकांनी त्यावर नाना युक्त्या केल्या. २०२३ मध्ये कुबरनेटीसच्या १.२८ या आवृत्तीपासून अशा शेजारी चालणाऱ्या ‘साइडकार’ कंटेनरांना खास दर्जा देण्यास सुरुवात झाली. मुख्य काम संपले की साइडकारही आता आपोआप बंद होतो. ही तक्रार त्यामुळे जुनी झाली आहे.

दुसरा आक्षेप वेगाचा आणि क्षमतेचा. पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंगनुसार एका वेळी १०० जोडण्या चालतात. वीस पॉडनी प्रत्येकी दहा जोडण्या उघडल्या की हिशेब दोनशेवर जातो आणि एकविसाव्या पॉडची वाट न पाहता ॲप कोलमडते. गुगलची ही प्रॉक्सी जोडण्यांची वाटणी करत नाही. त्यासाठी पीजीबाउन्सरसारखे वेगळे साधन लागते. ॲमेझॉनची ‘आरडीएस प्रॉक्सी’ ते काम करते, पण तिचे पैसे पडतात. तेव्हा ‘प्रॉक्सी बसवली की सगळे सुटले’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला कोणती प्रॉक्सी आणि ती नेमके काय करते, हे विचारावे.

तिसरी गोष्ट मात्र थेट घात करणारी आहे. प्रॉक्सीला स्वतःची ओळख द्यावी लागते. ती सोयीने व्हावी म्हणून अनेकजण सेवाखात्याची की फाइलरूपात उतरवून घेतात आणि कंटेनरच्या इमेजमध्येच टाकतात. ही फाइल आपणहून कालबाह्य होत नाही आणि इमेज ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती तीही लागते. पासवर्ड गेला आणि त्याच्या जागी त्याचाच थोरला भाऊ आला, एवढाच काय तो फरक. कुबरनेटीसमधल्या पॉडलाच क्लाउडची ओळख जोडून देण्याची सोय तिन्ही मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे आहे. ती वापरली तर फाइल लागतच नाही.

अल्पमुदतीची ओळखही सर्वरोगहर नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या क्लाउडमधून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. तिथे लिहून ठेवलेला पासवर्ड नव्हता. चुकीच्या सेटिंगच्या फायरवॉलकडून हल्लेखोराने क्लाउडची तात्पुरतीच ओळख मिळवली होती. पण त्या ओळखीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त दारे उघडण्याची मुभा होती. नियामकाने २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. म्हणून पावत्या छापणाऱ्या सेवेला पावत्यांचाच तक्ता वाचता यावा, ग्राहकांचा नव्हे, ही वाटणी आधी झाली पाहिजे. प्रॉक्सी ती करून देत नाही. ती माणसांनी बसून करायची असते.

हे सगळे फक्त अभियंत्यांनी वाचायचे आहे, असे सहकारी बँकेच्या संचालकांना किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्यांना वाटू शकेल. कायदा तसे मानत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची आहे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदी, दोन्ही नावानिशी मागितले आहे. बहुतेक जबाबदाऱ्या पाळण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्याआधीच, एप्रिल २०२२ च्या आदेशाने केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि नोंदी १८० दिवस ठेवण्याचे बंधन घातले आहे.

सहा तासांत काय कळवणार, हा प्रश्न इथे येतो. पाच सेवा आणि तीन कंत्राटदार एकच पासवर्ड वापरत असतील, तर डेटाबेसच्या नोंदीत एकच नाव दिसते. माहिती कोणी नेली हे त्यातून शोधता येत नाही. प्रत्येक सेवेची स्वतःची ओळख असेल, तर कोणत्या सेवाखात्याने कधी जोडणी केली हे नोंदीत मिळते आणि फक्त त्याच खात्याची परवानगी काढता येते. बाकीचे काम चालू राहते.

देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासह रुग्णालये, विद्यापीठे आणि महापालिकाही आपली ॲप बाहेरून करवून घेतात. अशा कामांच्या निविदेत ‘माहिती सुरक्षित ठेवली जाईल’ या गुळमुळीत वाक्याऐवजी तीन अटी स्पष्ट लिहाव्यात. डेटाबेसला सार्वजनिक पत्ता नसावा. ॲपची जोडणी अल्पमुदतीच्या ओळखीवर व्हावी आणि इमेजमध्ये वा प्रोग्राममध्ये कोणतीही की नसावी. प्रत्येक सेवेला स्वतंत्र खाते आणि गरजेपुरतीच परवानगी असावी. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. लागतो तो अभियंत्यांचा थोडा वेळ, आणि तो दरपत्रकात धरता येतो.

काम झाल्याची खातरजमा करणेही अवघड नाही. प्रॉक्सी बसवूनही जुना पासवर्ड आणि परवानगीची जुनी यादी तशीच राहून जाते, असे होऊ शकते. क्लाउड एसक्यूएलमध्ये प्रॉक्सी किंवा गुगलच्या कनेक्टरशिवाय आलेली प्रत्येक जोडणी नाकारण्याचे एक सेटिंग आहे. ते सुरू आहे ना, हे पाहावे. कंत्राटदाराच्या बिलावर सही करण्यापूर्वी संस्थेच्या बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून जुन्याच पासवर्डने डेटाबेस उघडून पाहावा आणि तो उघडला, तर बिल परत पाठवावे.