कॉम्प्युटर रेंगाळतोय?

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर रेंगाळू लागला की घरोघरी एकच निदान, "जुना झाला, नवा घ्या!" इथे बेसाला आमच्याकडेही तीच बोलणी निघाली होती. पण पर्समध्ये हात घालण्याआधी थोडं थांबा.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. काहीही काम चालू नसताना तिथे 'सिस्टिम इंटरप्ट्स'पुढे सीपीयूचा आकडा १-२ टक्क्यांवर न थांबता सतत १५-२० दिसला, तर यंत्राचा एखादा भाग प्रोसेसरला सारख्या हाका मारतोय असं समजावं. हा भाग वायफायचा असू शकतो. त्याचं बोलणं विंडोजला समजावणारा दुभाषा म्हणजे नेटवर्क ड्रायव्हर. तोच बिघडलेला असू शकतो.

स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'नेटवर्क ॲडॅप्टर्स'मध्ये वायफाय 'डिसेबल' करा. (इंटरनेट जाईल, घाबरू नका!) आकडा झटकन उतरला की चोर सापडला. पुन्हा 'एनेबल' करून 'प्रॉपर्टीज'मधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबावं. ते बटण फिकट असेल तर कॉम्प्युटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. फुकट ड्रायव्हर देणाऱ्या जाहिराती मात्र दारावर दागिने उजळून देणाऱ्यांसारख्या; त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवा बाई!

आकडा उतरलाच नाही, तर दुरुस्तीवाल्याला आधी तोच दाखवावा.