कामावर गेलो, एवढंच

प्रत्येक हल्ल्यानंतर मुंबईला एक प्रशस्तिपत्र मिळतं. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी शेअर बाजारात स्फोट झाला आणि सोमवारी बाजार उघडला, तेव्हा ते मिळालं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर माणसं पुन्हा लोंबकळत निघाली, तेव्हाही मिळालं. नोव्हेंबर २००८ नंतर तर त्याच्या छापील प्रती वाटल्यासारखं झालं. मजकूर ठरलेला असतो. मुंबईकर डगमगत नाही, शत्रूचे मनसुबे धुळीला मिळाले, हेच ते मुंबईचं स्पिरिट. आम्ही ठाकुर्ली-डोंबिवलीवाले कागदोपत्री मुंबईकर नाही. पण प्रशस्तिपत्र फाडलं जातं ते आमच्याही नावाने, कारण सकाळी मुंबई भरते ती आमच्यासारख्यांच्या फलाटांवरून.

हे प्रशस्तिपत्र मला नको आहे. का नको, ते सांगण्याआधी देणाऱ्यांची बाजू नीट मांडतो. पूर्वपक्ष लंगडा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. ते म्हणतात, दहशतवाद्याला चार माणसं मारायची नसतात, चार कोटींना घाबरवायचं असतं. लोक घरात बसले की तो जिंकला, कामाला लागले की हरला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडणं हीच लढाई आहे.

यातला पहिला भाग खरा आहे. भीती पसरवणं हाच हेतू असतो, आणि लोक बाहेर पडतात हे चांगलंच आहे. गफलत पुढे होते. दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीच्या फलाटावर उभा असलेला माणूस लढायला निघालेला नसतो. आमच्याकडे फक्त धीम्या गाड्या थांबतात. जागा हवी असेल तर कित्येक जण आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. एवढा उपद्व्याप करणाऱ्याच्या डोक्यात लष्कर-ए-तोयबा नसते, मस्टर असतं. खंबाळपाड्यातून निघणाऱ्या बाईने चार घरची धुणीभांडी बुडवली तर पगार कापला जातो. कारखान्यातल्या कंत्राटी फिटरचा खाडा लागतो. कारकुनाची रजा संपलेली असते. ही माणसं शूर नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं, एवढं म्हणतो.

शंका असेल तर ९ जून २०२५ आठवा. त्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली, काही जागीच गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं? तेच. त्याच दारांत, त्याच दांड्यांना धरून निघालो. म्हणजे वागणूक तंतोतंत तीच, जी ११ जुलैनंतर होती. पण त्या दिवशी कुणी जिद्दीचे गोडवे गायले नाहीत, मुंबईच्या स्पिरिटवर अग्रलेख आले नाहीत. का? मुंब्र्याच्या बाबतीत उत्तर कोणी द्यायचं हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे कौतुक केलं असतं तर ते निर्लज्जपणाचं दिसलं असतं. बॉम्बच्या बाबतीत उत्तर देणारा नजरेआड असतो, म्हणून कौतुक खपतं. या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात आणि तरी आम्ही रोज जातो. हे जर शौर्य असेल तर त्याची पदकं रोज सायंकाळी वाटावी लागतील.

इथे कुणी हिशेबी माणूस म्हणेल, मग बॉम्बने मेलेल्यांचं एवढं काय घेऊन बसलात, गाड्यांतून पडून त्याहून कितीतरी जास्त मरतात. हा युक्तिवाद मला प्रशस्तिपत्राइतकाच नावडतो. दारातून पडलेला माणूस व्यवस्थेच्या बेफिकिरीने मेला, बॉम्बने मेलेला कुणाच्या तरी निश्चयाने मेला. पहिल्याचा जाब रेल्वेला विचारता येतो. दुसऱ्याचा जाब विचारण्याआधी कोणी केलं हे शोधावं लागतं. आणि शोधण्याच्या बाबतीत आमचा इतिहास काय सांगतो?

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा जुलै महिना पाहा. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलैच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाने म्हटलं की कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड ज्याला अधिकारच नव्हता अशा माणसाने घेतली, आणि बॉम्ब नेमका कसला होता हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. एकोणीस वर्षं. त्या स्फोटांतला एक तरुण नऊ वर्षं कोमात राहिला आणि विशेष न्यायालयाचा निकाल लागण्याच्या दोन महिने आधी गेला. त्याच्या घरच्यांना आज काय सांगायचं? मग दहा दिवसांनी, ३१ जुलैला, एनआयएच्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. तिथेही पुरावा टिकला नाही.

त्या दहा दिवसांत आमच्या भागातल्या मोबाइलवर काय काय फिरलं! पहिल्या निकालाने ज्यांचं रक्त तापलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्याला पेढे वाटले. दुसऱ्याने जे हळहळले, त्यातल्या काहींना पहिल्यात न्याय दिसला होता. सरकारही मागे नव्हतं. पहिल्या निकालाविरुद्ध ते लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे निकालाला निदान दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली. मालेगावच्या निकालाविरुद्ध मृतांच्या नातेवाइकांना स्वतः उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आरोपीचं नाव पाहून आनंद की संताप हे ठरवायचं, मेलेल्याचं नाव वाचायचंही नाही. मग कोणी केलं, हा प्रश्न दोन्ही गर्दीत कुणी विचारला नाही. माझ्या मते याहून मोठी हार आमची झालेली नाही. अकरा मिनिटांत जे झालं ते शत्रूने केलं. एकोणीस वर्षांत जे झालं ते आपण केलं.

दुसरा पूर्वपक्ष संतापाचा. तो मला परका नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये जी सव्वीस माणसं मारली गेली, त्यांत डोंबिवलीचे तिघे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे देह भागशाळा मैदानात आणले तेव्हा डोंबिवली पश्चिमेला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यानंतरच्या दिवशी शहर बंद होतं. त्या बंदची टिंगल करणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटले नाहीत. गाव आपल्या मेलेल्यांसाठी शटर खाली ओढतं, यात चुकीचं काय? शोक सार्वजनिक असायलाच हवा. मात्र त्या गर्दीतून जो युक्तिवाद वर आला तो असा: आता बदला, बाकी काही नको, आणि बदला होईपर्यंत प्रश्न नको.

बदल्याबद्दल मी भाबडा नाही. सीमेपलीकडचे तळ उद्ध्वस्त करायचे की नाही हा राज्याचा निर्णय आहे, आणि ७ मे रोजी ते झालं. २८ जुलैला श्रीनगरजवळ दाचीगामच्या जंगलात तीन हल्लेखोर मारल्याचं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. ठीक. पण बैसरनच्या कुरणात त्या दुपारी सुरक्षा का नव्हती, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही क्षेपणास्त्रात नसतं. जम्मू-काश्मीरचे तत्कालीन नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी नंतर एका मुलाखतीत ही सुरक्षेतली चूक होती आणि तिची जबाबदारी आपली, असं म्हटलं. म्हटलं हे चांगलं. पण मुलाखतीत घेतलेली जबाबदारी ही जबाबदारी नसते. तिच्यामागे चौकशी लागते, कागद लागतो, कुणाची तरी खुर्ची लागते.

यावर हमखास येणारा टोला म्हणजे, ‘अहो, ही वेळ आहे का प्रश्न विचारायची? जवानांचं मनोबल खचतं.’ सोसायटीच्या बैठकीपासून संसदेपर्यंत हे वाक्य चालतं. ते म्हणणाऱ्यांना मी कारगिलची आठवण करून देतो. जुलै १९९९ च्या अखेरीस युद्ध संपलं आणि तीन दिवसांत वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरी कळली का नाही, हाच तिचा विषय. फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग गाळून का होईना, अहवाल संसदेत ठेवला गेला. तेव्हा कुठल्या जवानाचं मनोबल खचलं? खचतं ते बहुधा जवानाचं नसतं.

त्याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा कागद ठेवून बघा. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची दोन जणांची समिती. काम मुंबई पोलिसांनी हल्ल्याला कसं तोंड दिलं एवढ्यापुरतंच. गुप्तवार्ता दिल्लीत कुठे अडली, हे तिच्या कक्षेबाहेर. आणि एवढाही अहवाल सरकारने आधी दाबून ठेवला. बोंब झाल्यावर २००९ च्या अखेरीस तो विधिमंडळात आला. हल्ल्यानंतरची आमची प्रतिक्रिया काय होती? गेटवेवर मेणबत्त्या. त्या गर्दीचा राग खरा होता, आणि त्या रागामुळे काही मंत्र्यांच्या खुर्च्याही गेल्या. पण गर्दी जमली ती ताजसमोर. सीएसटीवर पन्नासाहून अधिक माणसं पडली, बहुतेक लांबच्या गाडीची वाट पाहत बसलेली, गाठोडी-पिशव्यांसकट. त्यांच्यासाठी एवढी मोठी गर्दी जमल्याचं मला आठवत नाही.

एक आडवळण घेतो. १९९३ च्या स्फोटांनंतर शरद पवारांनी मुख्यमंत्री म्हणून जाहीर केलं की मुस्लिम वस्तीतही एक स्फोट झाला आहे. तो झालेला नव्हता. दंगल भडकू नये म्हणून आपण मुद्दाम तसं सांगितलं, हे त्यांनी पुढे स्वतः उघडपणे मान्य केलं. अनेकांना ते चातुर्य वाटतं, आणि त्या रात्री त्याने जीव वाचले असतील, नाकारत नाही. तरी मला ते अस्वस्थ करतं. नागरिकाला खरं सांगितलं तर तो एकमेकांचे गळे धरेल, हे गृहीत धरूनच आपल्याकडे कारभार चालतो. खोटं सांगून शांत करा, कौतुक करून शांत करा, नाहीतर रागाला दिशा देऊन शांत करा. तिन्हींत माणूस लहान मूल समजला जातो.

मग मोठ्या माणसासारखं वागणं कसं असतं? आमच्याशी अगदी जुळणारं उदाहरण माद्रिदचं. ११ मार्च २००४ ला सकाळी कामाला निघालेल्यांच्या चार लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, एकशे नव्वदहून अधिक माणसं मेली. तीन दिवसांवर निवडणूक होती. सरकारने दोष बास्क अतिरेक्यांच्या माथी मारायचा हट्ट धरला. लोक शोकात होते, तरी दोन दिवसांत सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर उभे राहून खरं काय ते मागू लागले, आणि मतदानात सरकार पाडलं. त्यानंतर संसदेने चौकशी मांडली. तिथे पिलार मानहोन नावाची, वीस वर्षांचा मुलगा गमावलेली आई आली आणि तिने सगळ्या पक्षांना तोंडावर सुनावलं की आमच्या दुःखावर तुम्ही राजकारण केलंत. कुणी तिला वेळेचं भान शिकवलं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांत, निकाल लागला. एकवीस जण दोषी ठरले. पुढे वरच्या न्यायालयाने त्यातले काही सोडले, आणि कटाच्या कहाण्या तिथेही आजवर सांगितल्या जातात. स्पेन काही रामराज्य नाही. पण तिथल्या प्रवाशाला निदान विचारायची जागा मिळाली, विचारणाऱ्याचं नाव नोंदलं गेलं आणि उत्तर कागदावर आलं.

आमच्याकडे त्यासाठी लागणारी माणसं नाहीत असं नाही. ११ जुलैच्या संध्याकाळी पोलीस आणि रुग्णवाहिका पोहोचण्याआधी रुळांकडेच्या झोपड्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांतून जखमींना उचलून नेलं. २६ नोव्हेंबरला सीएसटीवर विष्णू झेंडे आपल्या उद्घोषणेच्या खोलीत बसून राहिले आणि प्रवाशांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगत राहिले. यांना कुणी स्पिरिट शिकवलं नव्हतं. यांनी जे केलं ते स्वतः ठरवून केलं, आणि म्हणून त्याचं कौतुक मला मान्य आहे. बाकीच्यांनी हजेरी लावली. हजेरी आणि धैर्य यांचा घोळ घालून राज्याने आपली गैरहजेरी झाकली.

तेव्हा मागायचं ते हे. हल्ला झाला की ठरावीक मुदतीत स्वतंत्र चौकशी, गुप्तवार्तेपासून रुग्णवाहिकेपर्यंत. अहवाल विधिमंडळात किंवा संसदेत, आणि मृतांच्या घरच्यांना तिथे बोलण्याचा हक्क. खटल्यातले आरोपी सुटले तर तपास संपला असं न मानता नव्याने शोध, मग आरोपी कुणाच्या गल्लीतला असो. डोंबिवली-कल्याणचे खासदार पहलगामनंतर भारताची बाजू मांडायला शिष्टमंडळ घेऊन आखातात आणि आफ्रिकेत जाऊन आले. तेही काम होतंच. तिकडे मांडलेली बाजू ऐकून झाल्यावर इकडच्या मतदारसंघाचीही एक बाजू आहे, ती दिल्लीत मांडायची राहिली आहे.

शेवटचा आक्षेप एका हितचिंतकाचा. म्हणाले, ‘अहो, चौकशीचे हजार पानी अहवाल वाचणार कोण? सामान्य माणसाला वेळ कुठाय?’ साहेब, ठाकुर्लीहून सीएसएमटीला धीम्या गाडीने तासाच्या वर लागतो, येताना पुन्हा तेवढाच. बसायला मिळालं तर आम्ही सगळं वाचतो. अहवाल तेवढा छापा.